रिडीम, विमोचन, सोडवणूक: अडकलेलं घरी परत कसं आणायचं

२०२२ च्या दिवाळीआधी आठ-दहा दिवस मी आईला घेऊन एका पतसंस्थेच्या काउंटरपुढं उभा होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यातल्या आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पूर ओसरल्यावर भिंती, वायरिंग आणि गोठा उभा करायला आईचा कोल्हापुरी साज तारण ठेवून आम्ही एक लाख उचलले होते. ते आज फिटले. शिक्का मारलेली पावती आईनं घडी घालून बटव्यात ठेवली आणि दाराकडं वळली.

"आई, साज?"

"त्यो कुठं जातोय आता? शिक्का पडला की."

शिक्का पडला होता खरा, पण साज अजून तिजोरीत होता, आणि तिजोरीच्या किल्लीचे साहेब जेवायला गेले होते. आम्ही बाकड्यावर दीड तास बसलो. पैसे भरणं वेगळं आणि सोडवणं वेगळं, हे मला त्या दीड तासात कळलं. वस्तू हातात आली आणि तुमच्या नावापुढची नोंद पुसली गेली, की मगच ती सुटली.

हे आत्ता लिहायचं कारण माझी पुतणी. नवी नोकरी, नवं क्रेडिट कार्ड. मोबाईलवर 'रिडीम करा' असं बटण, म्युच्युअल फंडाच्या मेलमध्ये 'रिडेम्प्शन रिक्वेस्ट', आणि आजोबांच्या जुन्या दाव्याच्या फायलीत 'गहाण विमोचनाचा हक्क'. "काका, हे तिन्ही एकच का?" तिनं विचारलं. एकच आहे. फरक पडतो तो काय अडकलंय, कोणाकडं आणि किती मुदतीत सोडवायचं यात. तिला सांगितलं तेच इथं पायरीपायरीनं मांडतो. सोन्याचं जरा सविस्तर, कारण कोल्हापुरात सगळ्यांत जास्त तेच अडकतं.

## १. आधी शब्द ओळखा

रिडेम्प्शनचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ 'परत विकत घेणं'. आपल्याकडं त्याला साधा शब्द आहे, सोडवणं. दागिना सोडवतात, जमीन सोडवतात, कोंडवाड्यातली म्हैसही दंड भरून सोडवतात. वस्तू मुळात आपलीच असते, आणि तीच परत मिळवायला पदरचं काहीतरी मोजावं लागतं.

कागदावर मात्र हा शब्द निरनिराळी सोंगं घेतो:

- कोर्टाच्या आणि जुन्या दस्तांच्या भाषेत विमोचन, गहाणमुक्ती. हिंदीत पुस्तकाच्या प्रकाशनालाही विमोचन म्हणतात, तेव्हा पत्रिका वाचून गोंधळू नका.
- बँक, फंड आणि कार्डांच्या भाषेत सरळ रिडीम, रिडेम्प्शन.
- धर्माच्या भाषेत उद्धार, मुक्ती, तारण.
- सिनेमावर बोलणारी पोरं 'रिडेम्प्शन आर्क' म्हणतात. त्याला आपल्याकडं कधीपासूनच वाल्याचा वाल्मीकी होणं म्हणतात.

यातला 'तारण' मला सगळ्यांत मजेदार वाटतो. कोल्हापुरातल्या वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये मराठी प्रार्थनेत 'तारण' कानावर आलं, तर ती पापातून सुटका. तिथून बाहेर पडून पतसंस्थेच्या पाटीवर 'सोनेतारण' वाचलंत, तर ते गहाण. अडकण्याला आणि सुटण्याला एकच शब्द ठेवणारी भाषा आपली! 'उद्धार' मात्र जपून वापरा. "साहेबांनी आज माझा उद्धार केला" याचा अर्थ कोल्हापुरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

## २. कागद एका पिशवीत घाला

सोनं सोडवायला जाताना सोबत हवं:

- तारण ठेवताना मिळालेली मूळ पावती किंवा कार्ड. त्यावर नग, एकूण वजन आणि निव्वळ वजन लिहिलेलं असतं.
- ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याचं आधार आणि पॅन. ती व्यक्ती स्वतः हवीच. आईच्या नावावरचं कर्ज मुलानं फेडलं तर पैसे घेतात, पण दागिना मुलाच्या हातात देत नाहीत. हे बरोबरच आहे, भांडू नका.
- आजवरच्या व्याजाच्या सगळ्या पावत्या.
- ठेवताना काढलेले दागिन्याचे फोटो. काढले नसतील तर पुढच्या खेपेला काढा.

मूळ पावती हरवली असेल तर संस्था अर्ज आणि हमीपत्र लिहून घेते, कुठं स्टॅम्प पेपरवर. एक फेरी वाढते, म्हणून हे आधीच विचारून ठेवा. कर्जदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. भावाभावांत बोलणं बंद असेल तर आधी ते सुरू करा. दागिना त्यानंतरच निघतो.

## ३. आकडा तोंडी ऐकू नका, लिहून घ्या

जायच्या आदल्या दिवशी शाखेत विचारा, "उद्याच्या तारखेला पूर्ण बंद करायला किती?" आणि तो आकडा कागदावर घ्या. त्यात मुद्दल, आजअखेरचं व्याज, दंडव्याज, नोटिशीचा खर्च, मूल्यांकन फी वेगवेगळं दाखवायला सांगा. 'इतर' म्हणून एक ओळ असेल तर ती काय, हे विचारायला लाजू नका.

इथला मोठा सापळा म्हणजे नवं-जुनं. मुदत संपली, हातात पैसे नाहीत. काउंटरवरचा माणूस गोडीत म्हणतो, "काळजी करू नका मावशी, नवं-जुनं करून टाकू." जुनं कर्ज कागदावर बंद होतं, व्याज मुद्दलात मिसळतं, नवं कर्ज चालू. सही सोडून तुम्हाला काही करावं लागत नाही, म्हणून ते सोपं वाटतं.

आमचं असंच झालं. १,००,००० रुपये, वर्षाला १२ टक्के. पहिलं वर्ष संपताना १,१२,०००. नवं-जुनं. दुसऱ्या वर्षाअखेर १,२५,४४०. पुन्हा नवं-जुनं. तिसऱ्या वर्षी १,४०,४९३. दरवर्षी १२,००० व्याज बाजूला काढून भरलं असतं, तर तीन वर्षांचे ३६,००० गेले असते आणि मुद्दल लाखावरच राहिलं असतं. फरक साडेचार हजारांचा, म्हणजे फार नाही असं म्हणाल. पण आईला तीन वर्षं वाटत होतं की कर्ज एक लाखाचंच आहे. घरात ठरवलेली रक्कम घेऊन गेलो आणि काउंटरवर चाळीस हजार कमी पडले. त्या दिवशी परत आलो. साज सुटला तो दुसऱ्या फेरीत, उसाचं बिल नि माझी थोडी बचत गोळा करून.

उसाचं बिल यात धरत असाल तर आधी कपात बघा. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे पैसे द्यायचे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. पण विकास सोसायटीचं पीककर्ज त्यातून आधीच वळतं होतं. खात्यावर जे उरतं, त्यावर दागिना सोडवायची तारीख ठरवा.

दुसरी भूल भाव वाढल्यावर पडते. सोनं चढलं की शाखेतून फोन येतो, "तुमच्या दागिन्यावर अजून उचल मिळेल." मिळते. पण सोडवायला आलेल्या माणसाला आणखी अडकवायची ती गोड रीत आहे.

## ४. काउंटरवर उभं राहून मोजा

ही पायरी मी सगळ्यांत मोठी लिहितोय, कारण इथंच लोक घाई करतात. मागं रांग असते, कारकून घाईत असतो, आणि 'तुमचा माझ्यावर विश्वास नाही का' असा भाव त्याच्या तोंडावर असतो. असू दे.

साज म्हणजे एक नग, पण त्या एका नगात किती वस्तू! पारंपरिक साज २१ पानांचा. चंद्र, बेलपान, शंख, नाग, कासव, भुंगा, मासा, वाघनख अशी पानं, त्यांच्या मधे जवमणी आणि मधोमध ताईत. आता दहा-बारा पानांचेही करतात. आणि हे सगळं भरीव सोनं नसतं. पत्रा सोन्याचा, आत लाख भरलेली. ठुशीचंही तेच. म्हणून एकूण वजन एक आणि सोन्याचं निव्वळ वजन दुसरं. कर्ज निव्वळ वजनावर मिळतं. लाख, खडे, दोरा, फासा हे वजा होतं. ठेवताना लाखेची वजावट किती धरली हे पावतीवर लिहून घ्या, म्हणजे परत घेताना वाद राहत नाही.

आमच्या पावतीवर एवढंच होतं: 'साज १ नग', आणि पुढं दोन वजनं.

"नग एकच लिहिलाय बघा मावशी," कारकून म्हणाला.

"एक न्हवं. एकवीस हाईत, ताईत धरून," आई म्हणाली आणि काचेवरच साज पसरून मोजायला बसली. आकड्यानं नाही, नावानं. चंद्र. बेलपान. शंख. मासा. मागं रांगेत कोणीतरी खाकरलं. आईनं मान वर केली नाही. पानं एकवीस भरली. ताईतावरचा एक तांबडा खडा मात्र नव्हता. आई म्हणते होता. पावतीवर खड्याचा उल्लेख नाही, आमच्याकडं फोटो नाही. खडा तिथं पडला, की पुराच्या धावपळीत आमच्याच घरी आधी पडला होता, हे आजही सांगता येत नाही. म्हणून कोणावर आळ घेत नाही, पण तुम्ही ही वेळ आणू नका.

काउंटरवर क्रमानं हे करा:

- सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. आधी सील आणि त्यावरची तुमची सही बघा.
- काट्यावर आधी शून्य बघा, मग एकूण वजन करून घ्या. पावतीशी ताळा लावा.
- पानं, मणी, घुंगरू, खडे मोजा. फासा लागतो का, कडी वाकलीय का बघा.
- हे सगळं झाल्यावर 'दागिने मिळाले' अशी सही करा. आधी सही मागितली तर हसून म्हणा, "बघतो आणि करतो."
- कर्जखातं बंद झाल्याचा दाखला आणि खात्याचा उतारा घ्या.

बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर तुमच्या बाजूनं नियम भक्कम आहेत. सोन्या-चांदीच्या तारणावरच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ मध्ये निर्देश काढले, उशिरात उशिरा १ एप्रिल २०२६ पासून पाळायचे. सोनं तपासताना कर्जदार समोर हवा. कॅरट, एकूण वजन, निव्वळ वजन, वजावटी आणि दागिन्याचं चित्र असलेला दाखला त्याला मिळायला हवा. त्या वजावटींत लाखेचा उल्लेख नावानिशी आहे. हे लिहिणाऱ्यानं कुठंतरी साज-ठुशी पाहिलेली असणार, असं मला उगाच वाटतं. पूर्ण फेड झाल्यावर दागिना शक्यतो त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचा. संस्थेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. चांदीही यात येते, तेव्हा हुपरीच्या पैंजणांनाही हाच न्याय.

पतसंस्थेला हे निर्देश लागत नाहीत. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली नसतात. त्यांतल्या बहुतेक १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली, म्हणजे सहकार खात्याखाली येतात. बोर्डावर 'बँक' आहे की 'पतसंस्था' हे आधी वाचा. तक्रार कुठं करायची ते त्यावरून ठरतं.

## ५. लिलावाची नोटीस आली तर

घाबरून घरात बसू नका. १८७२ च्या करार कायद्यात दोन कलमं आहेत. १७६ म्हणतं, तारण विकायच्या आधी रीतसर, पुरेशी नोटीस द्यायला हवी. १७७ म्हणतं, मुदत उलटून गेली तरी वस्तू प्रत्यक्ष विकली जाईपर्यंत ती सोडवायचा हक्क कर्जदाराकडं राहतो. उशिराचा वाजवी खर्च तेवढा भरावा लागतो. म्हणजे लिलावाच्या सकाळीसुद्धा पैसे घेऊन गेलात तर दार बंद नाही. लिलाव झालाच, तर कर्ज वळतं होऊन उरलेली रक्कम तुमची. ती मागून घ्या, हिशेबाचा कागद मागा.

सापळा एकच, जुना पत्ता. पुरानंतर आम्ही वर्षभर कोल्हापुरात भाड्यानं राहत होतो आणि नोटीस गावच्या कुलूपबंद घराच्या फटीतून आत पडली होती. पत्ता आणि मोबाईल नंबर बदलला की शाखेत लेखी कळवा, आणि पोच घ्या.

## ६. सावकाराकडं अडकलं असेल तर

आधी बघा, परवाना आहे का. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे. परवानाधारकाचे दरही सरकारनं ठरवलेत: शेतकऱ्याला तारणी कर्ज वर्षाला ९ टक्के, बिनतारणी १२. बाकीच्यांना १५ आणि १८. वर्षाला. "तीन टक्के फक्त" असं कोणी म्हणालं तर ते महिन्याचे असतात, म्हणजे वर्षाला ३६. शिवाय दामदुप्पटीचा जुना नियम आहे, व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही.

बिनपरवाना सावकारानं दागिना, गाडी किंवा जमीन अडकवून ठेवली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडं किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं लेखी तक्रार द्या. सोबत फोनवरचे मेसेज, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि साक्षीदारांची नावं द्या. आणि पैसे परत करताना रोख देऊ नका. सावकाराकडून सुटताना नुसता दागिना घेऊन पळू नका, कोरे चेक आणि सही केलेले स्टॅम्प पेपरही परत घ्या. ते तिथं राहिले तर तुम्ही सुटला नाहीत.

## ७. जमीन: कागदाचं नाव वाचा

माझ्या आजोबांची फाईल इथली. गहाणाचे प्रकार गावात तीन नावांनी चालतात:

नजरगहाण. जमीन तुमच्या ताब्यात, फक्त कागद गहाण.

ताबेगहाण. जमीन सावकार कसतो, उत्पन्न तो घेतो.

मुदत खरेदी. कागद खरेदीखताचा, अट अशी की अमुक वर्षांत पैसे दिले तर जमीन परत. हा सगळ्यांत धोक्याचा. जमीन परत द्यायची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच कायदा त्याला गहाण म्हणू शकतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये ही गोष्ट स्पष्ट आहे. "कागद खरेदीचा करू, पण शब्द देतो, परत करीन," किंवा "परतीचं वेगळ्या कागदावर लिहू," असं कोणी म्हणालं तर उठून या. त्या शब्दावर गेलेल्या जमिनी आमच्या भावकीत आहेत.

कागद खरोखर गहाणाचा असेल तर कलम ६० खाली सोडवायचा हक्क पक्का. 'अमुक तारखेला पैसे दिले नाहीत तर जमीन कायमची तुमची' अशी ओळ गहाणखतात घातली तरी त्या ओळीनं हा हक्क मरत नाही. दावा लावायची मुदत साधारणपणे, सोडवण्याचा हक्क उभा राहिल्यापासून ३० वर्षं. ताबेगहाणात मुदतीचं गणित वेगळं लागतं, तिथं वकील गाठा.

बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज असेल तर खटल्याचा प्रश्न नाही, पण एक पायरी हमखास राहते. कर्ज फिटतं, बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला मिळतो, तो फडताळात जातो. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात बोजा तसाच. दहा वर्षांनी जमीन विकायला किंवा पोराच्या शिक्षणाच्या कर्जाला उतारा काढला की तो वर येतो, आणि तोवर ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली असते. म्हणून:

- बेबाकी दाखल्यासोबत 'बोजा कमी करण्याबाबत' असं तलाठ्याच्या नावानं पत्र मागा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.
- अर्ज तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीतून द्या, पोच घ्या.
- फेरफार नोंदला जातो, नोटीस निघते, मंडल अधिकारी मंजूर करतात. मग नवा उतारा काढून डोळ्यांनी बघा.
- शहरातली मिळकत असेल तर सातबाऱ्याच्या जागी प्रॉपर्टी कार्ड. ते नगर भूमापन कार्यालयात.

## ८. घराचं कर्ज

इथं काम सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये. कागद घेताना कर्जाच्या वेळी दिलेल्या यादीशी एकेक ताडून बघा. मूळ खरेदीखत, इंडेक्स दोन (दस्त नोंदणीचा उतारा), आधीच्या मालकांच्या दस्तांची साखळी. गहाणखत नोंदणीकृत असेल तर ते सोडल्याचा दस्तही नोंदवून घ्या.

## ९. फंड आणि सुवर्ण रोखे

इथं 'सोडवणं' म्हणजे युनिट परत देऊन पैसे घेणं. गहाण काही नसतं, त्यामुळं भीतीही कमी. तीनच गोष्टी बघा. कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत अर्ज गेला तर त्या दिवसाचा भाव लागतो. बऱ्याच इक्विटी योजनांत वर्षाच्या आत काढलं तर १ टक्का एक्झिट लोड कापतात. आणि कर वाचवणाऱ्या ईएलएसएसला तीन वर्षं कुलूप असतं. एसआयपी असेल तर प्रत्येक हप्त्याला वेगळी तीन वर्षं. पुतणी इथंच फसली होती. पहिल्या हप्त्याला तीन वर्षं झाली म्हणून सगळं निघेल असं धरून तिनं गाडी बुक केली.

सरकारी सुवर्ण रोख्यांची मुदत आठ वर्षं, पाच वर्षांनंतर व्याजाच्या तारखांना आधीही सोडवता येतात. पैसे नोंदवलेल्या बँक खात्यातच येतात. ते खातं मधल्या काळात बंद केलं असेल तर मुदतीआधी नवं खातं कळवा. सोनं भौतिक नसल्यामुळं मोजायला काही नाही. आईला हा प्रकार अजिबात पटलेला नाही.

## १०. पॉईंट

कार्डाचे पॉईंट रिडीम करायचे ते बँकेच्या स्वतःच्या ॲपमधून. "तुमचे ९,८०० पॉईंट आज रात्री संपतायत" असा मेसेज, खाली लिंक किंवा एपीके फाईल, हा सरळ दरोडा आहे. पॉईंट वापरायला ओटीपी कोणाला फोनवर सांगावा लागत नाही. चुकून सांगितलाच, तर त्याच मिनिटाला बँकेला आणि १९३० ला फोन.

## ११. घरी आणल्यावर

दागिना सुटून आला की बँकेच्या एसएमएसकडं महिनाभर लक्ष ठेवा. खातं बंद झालेलं असताना व्याजाचा मेसेज आला तर लगेच शाखा गाठा. क्रेडिट अहवालात कर्ज 'बंद' दिसतंय का, तेही एकदा बघा. बेबाकी दाखला आणि शेवटची पावती फेकू नका.

साज तीन वर्षं पाकिटात दुमडून पडला की दोरा कुजतो, लाख तडकून पान हलकं होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी तो गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात नेला, लाख भरून आणि नव्यानं गाठवून घ्यायला. दुकानदारानं साज हातात घेतला, काट्यावर ठेवला आणि पावतीपुस्तकावर लिहायला लागला: साज, १ नग.

आईनं त्याचा पेन धरला.